शेवटच्या अंकातील पहिली कथा

कोळ्याची आणि आपली पहिली ओळख बहुधा पाठ्यपुस्तकात होते. लढाया हरून गुहेत दडून बसलेला स्कॉटलंडचा राजा ब्रूस आणि त्याच्यासमोर पुनःपुन्हा पडूनही आपले जाळे पुरे करणारा तो चिमुकला कोळी यांची गोष्ट आमच्या आजोबांनी वाचली, वडिलांनी वाचली आणि आम्हीही वाचली. परंतु आजच्या विद्यार्थ्यास एखाद्या कोळ्याचे नाव विचारले, तर तो ब्रूसच्या कोळ्याकडे वळणार नाही. तांबड्या-निळ्या पोशाखातील, तोंडावर जाळीदार मुखवटा घातलेला स्पायडरमॅनच त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहील. दप्तरांवर, पाण्याच्या बाटल्यांवर, संक्रांतीच्या पतंगांवरसुद्धा त्याचे चित्र असते. (मराठीत 'कोळी' हा शब्द मासे धरणाऱ्यालाही लावतात आणि आठ पायांच्या प्राण्यालाही. दोघांजवळही जाळे असते, तेव्हा आपल्या भाषेने ही सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे!)

हा वीर जगापुढे प्रथम आला तो एका बंद पडणाऱ्या मासिकाच्या शेवटच्या अंकात, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते ती एका विशिष्ट रीतीने सांगतात. ती रीत कितपत खरी आहे हे त्या अंकाचीच पाने उलटून पाहावे, असे आम्हांस वाटले.

त्या मासिकाचे नाव 'अमेझिंग फँटसी'. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी मार्टिन गुडमन नावाचे प्रकाशक अशी स्वस्त चित्रमासिके काढीत. त्यांची संस्था पुढे मार्व्हल कॉमिक्स या नावाने प्रसिद्धीस आली. जून 1961 मध्ये या मासिकाचा पहिला अंक निघाला, तेव्हा त्याचे नाव 'अमेझिंग ॲडव्हेंचर्स' असे होते. सहा अंकांनंतर, डिसेंबर 1961 मध्ये, ते 'अमेझिंग ॲडल्ट फँटसी' झाले. 'ॲडल्ट' म्हणजे प्रौढ. वाचकाच्या बुद्धीचा मान राखणारे मासिक अशी त्याची जाहिरात असे. संपादक आणि लेखक स्टॅन ली व चित्रकार स्टीव्ह डिटको ही जोडी त्यात चार-पाच पानांच्या लहान लहान कथा देई. शेवटच्या चौकटीत वाचकाला धक्का देणे हे त्या कथांचे वैशिष्ट्य. ऑगस्ट 1962 च्या पंधराव्या अंकापासून 'ॲडल्ट' हा शब्दही गेला. सव्वा वर्षाच्या आत तीन नावे! ज्या घरात मुलाचे नाव वरचेवर बदलतात, त्या घरात काहीतरी दुखणे असते. मासिकाचेही तसेच असावे.

हा पंधरावा अंक शेवटचा ठरला. त्याची किंमत 12 सेंट होती. आत एकूण चार कथा आणि कथांची पाने चोवीस. त्यांपैकी पहिली अकरा पाने एकाच कथेने व्यापली होती आणि ती कथा होती स्पायडरमॅनची. उरलेल्या तिन्हींची आठवण आज क्वचितच कोणी काढतो. त्यांत एक ज्वालामुखीच्या बेटावरील घंटा वाजवणाऱ्या वृद्धाची होती, एक ममीच्या पेटीत लपणाऱ्या चोराची आणि एक पृथ्वीवर दडून राहिलेल्या मंगळवासियांची. शेजारी कोण बसले आहे यावर एखाद्याचे नशीब कसे ठरते पाहा. या तीन कथा जगातील एका अत्यंत मौल्यवान अंकात छापल्या गेल्या, आणि नेमक्या त्याच कारणाने कायमच्या झाकल्या गेल्या.

आता ती अकरा पाने. पीटर पार्कर हा हायस्कुलात शिकणारा, आईबापांवेगळा मुलगा. बेन काका आणि मे काकू यांनी त्याला पोटच्या पोरासारखे वाढवलेले. अभ्यासात हुशार, अंगाने किडकिडीत, डोळ्यांवर चष्मा. वर्गातील खेळाडू मुले त्याची टर उडवतात, सहलीला सोबत नेत नाहीत. तो एकटाच विज्ञानाच्या एका प्रात्यक्षिकाला जातो. किरणोत्सर्गाच्या झोतात सापडलेला एक कोळी मरता मरता त्याच्या हातास चावतो, आणि पीटरच्या अंगी भिंतीवर चढण्याची व लोखंडी नळी चुरगाळण्याची शक्ती येते.

एवढी शक्ती आल्यावर आपल्या पुराणातला वीर दैत्य शोधायला निघाला असता. पीटर पैसे शोधायला निघतो. कुस्तीच्या आखाड्यात एका धिप्पाड मल्लापुढे तीन मिनिटे टिकणाऱ्यास शंभर डॉलरचे बक्षीस लावलेले असते. पीटर ते सहज जिंकतो. हरलो तर हसे होऊ नये म्हणून त्याने तोंड झाकून घेतलेले असते. या सुप्रसिद्ध मुखवट्याचा उगम इतका साधा आहे. मग तो स्वतःच पोशाख शिवतो, मनगटावरून जाळे फेकण्याचे यंत्र बनवतो आणि दूरचित्रवाणीवर कसरती करून नाव मिळवतो. एके दिवशी कार्यक्रम आटोपून तो उभा असताना एक चोर त्याच्यासमोरून पळत जातो. मागून येणारा पहारेकरी ओरडतो, परंतु हा जागचा हलत नाही. पाय आडवा घातला असता तरी चोर सापडला असता. पहारेकरी रागावतो, तेव्हा पीटरचे म्हणणे असे, की यापुढे मी फक्त स्वतःपुरते पाहणार.

काही दिवसांनी तो घरी परततो, तो दारात पोलिसांची गाडी. घरात शिरलेल्या चोराने बेन काकांचा खून केलेला असतो. खुनी बंदराजवळच्या एका जुन्या वखारीत कोंडला गेला आहे असे कळताच पीटर तेथे धावतो, त्याला पकडतो आणि उजेडात त्याचे तोंड पाहतो. तो तोच चोर असतो. डिटकोने ही चौकट काढताना मुखवट्याच्या पांढऱ्या डोळ्यांत पीटरचे विस्फारलेले डोळे दाखवले आहेत. तेथे शब्दांचे काम उरलेले नाही. अखेरच्या चौकटीत पीटर रात्रीच्या काळोखात एकटाच चालत दूर जातो.

सामर्थ्य आणि जबाबदारी यांचे नाते सांगणारे ते प्रसिद्ध वाक्य याच चौकटीच्या माथ्यावर आहे. पुष्कळांची समजूत अशी, की बेन काकांनी ते पुतण्यास सांगितले होते. मूळ कथेत काकांच्या तोंडी ते नाही. ते निवेदकाचे आहे. पुढे ही कथा पुनःपुन्हा सांगितली गेली तेव्हा ते हळूहळू काकांच्या तोंडी आले. मोठ्या माणसाने उपदेश केला आणि मुलाने ऐकला नाही, अशी गोष्ट सांगायला सोपी जाते. मूळ गोष्ट त्याहून कठोर आहे. पीटरला आधी कोणी काही सांगितलेलेच नव्हते. जे कळायचे ते त्याला वेळ निघून गेल्यावर कळले.

या अंकाविषयीची प्रचलित हकीकत स्टॅन ली यांनीच सांगितलेली आहे. 1974 मध्ये निघालेल्या आपल्या पुस्तकात आणि पुढे असंख्य मुलाखतींत त्यांनी ती रंगवून सांगितली. कोळ्याच्या अंगचे गुण असलेला एक तरुण वीर निर्माण करावा असे त्यांच्या मनात आले, पण गुडमन यांनी नाक मुरडले. लोकांना कोळ्याची किळस येते. शाळकरी मुलगा फार तर नायकाचा साथीदार होईल, नायक नव्हे. आणि वीराला घरगुती अडचणी कशाला? असे तीन आक्षेप होते. तेव्हा ली यांनी विचार केला, की 'अमेझिंग फँटसी' तसेही बंद व्हायचे आहे, शेवटच्या अंकात काय छापले याची कोण चौकशी करतो! म्हणून त्यांनी आपला नायक त्यात घुसवला, अंक भराभर खपला, आणि काही महिन्यांनी गुडमन हसतमुखाने येऊन म्हणाले, की ती आपल्या दोघांना आवडलेली कल्पना पुढे चालवू या.

हकीकत झकास आहे. कोणत्याही संमेलनात टाळ्या घेईल अशी आहे. मात्र पंधरावा अंक समोर ठेवला की ती अडखळू लागते.

स्पायडरमॅनची कथा जेथे संपते तेथेच, त्या शेवटच्या चौकटीखाली, एक सूचना छापलेली आहे: या नायकाचे पुढील पराक्रम 'अमेझिंग फँटसी'च्या पुढच्या अंकी अवश्य पाहावेत. एवढ्यावरच भागत नाही. संपादकांचे वाचकांस एक स्वतंत्र निवेदनही आत आहे. मासिकाच्या नावातून 'ॲडल्ट' शब्द का वगळला हे त्यात सांगून, स्पायडरमॅन यापुढे दरमहा याच मासिकात भेटेल असे आश्वासन दिले आहे. ज्याला आपले मासिक आज मिटणार हे ठाऊक आहे, तो नाव बदलण्याची यातायात कशाला करील? दरमहाचे वचन कशाला देईल? शिवाय नवा नायक आतल्या पानांत दडवलेला नाही, तो मुखपृष्ठावर आहे. डिटकोने काढलेले मुखपृष्ठ बाजूला ठेवून जॅक कर्बी यांच्याकडून दुसरे काढवून घेण्यात आले आणि त्यावर शाई डिटकोनेच चढवली. कोणाचे लक्ष जाऊ नये अशी ज्याची इच्छा आहे, तो मुखपृष्ठ दोनदा काढवीत नाही.

आमच्या मते, अंक छपाईस जाईपर्यंत तरी तो शेवटचा आहे हे संपादकांनी धरलेले नव्हते. मासिक अडचणीत आहे याची कुणकुण असेल, बंद होण्याची टांगती तलवारही असेल. परंतु निर्णय मागून झाला असावा. बारा वर्षांनी लिहिलेल्या आठवणीपेक्षा त्याच महिन्यात छापलेल्या निवेदनाचे वजन आम्ही अधिक मानतो. ली खोटे बोलले असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. एखादी गोष्ट शंभर वेळा सांगितली की तिचे कोपरे आपोआप गुळगुळीत होतात, हे आपल्या घरच्या आजी-आजोबांच्या गोष्टींवरूनही दिसते.

मग मासिक बंद का पडले? याचे उत्तर कल्पनेच्या प्रांतात नसून अंकांच्या वाहतुकीत आहे. अमेरिकेत मासिके गावोगावच्या विक्रेत्यांपर्यंत पोचवण्याचे काम मोठमोठ्या वितरण-संस्था करीत. 1957 मध्ये गुडमन यांचे अंक वाटणारी संस्था या व्यवसायातून उठली आणि गुडमन एकाएकी निराधार झाले. नाइलाजाने त्यांना ज्या वितरकाकडे जावे लागले, तो त्यांच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या संस्थेच्या मालकीचा होता! त्याने अट घातली, की महिन्याला तुमची आठच चित्रमासिके आम्ही वाटू. गुडमन यांनी बरीचशी प्रकाशने एक महिन्याआड काढून त्या आठांत सोळांची सोय लावली. तरी मर्यादा ती मर्यादा. लहान घरात नवा पाहुणा आला की कोणालातरी ओसरीवर झोपावे लागते, तद्वत एक नवे मासिक काढायचे म्हणजे एक जुने बंद करणे आले. नोव्हेंबर 1961 च्या 'फँटॅस्टिक फोर'पासून वीरांच्या कथांना मागणी येऊ लागली होती. 1962 च्या मे महिन्यात हल्क आला होता. अशा वेळी धक्कातंत्राच्या लहान कथांचे मासिक पहिल्यांदा बाहेर पडणार हे ओघानेच आले.

आणखी एक व्यावहारिक बाब येथे समजून घेतली पाहिजे. या मासिकांवर छापलेला महिना आणि ती दुकानात येण्याचा महिना एक नसे. 'ऑगस्ट 1962' असे लिहिलेला हा अंक जूनमध्येच विक्रीस आला होता. छापलेला महिना हा जणू अंक दुकानातून उचलण्याचा महिना. विक्रेत्याने न खपलेल्या प्रती परत करायच्या आणि तेवढे पैसे वळते करून घ्यायचे, असा रिवाज होता. म्हणजे एखादा अंक किती खपला हे प्रकाशकास कित्येक महिने कळतच नसे. पंधराव्या अंकाचे आकडे हाती आले तेव्हा मासिक केव्हाच मिटले होते. आकडे मात्र असे होते, की गुडमन यांना आपले मत बदलणे भाग पडले. मार्च 1963 ही तारीख घालून 'द अमेझिंग स्पायडरमॅन' या स्वतंत्र मासिकाचा पहिला अंक निघाला. नव्या नावातील 'अमेझिंग' हा शब्द म्हणजे गेलेल्या मासिकाची उरलेली खूण.

निर्मितीचे श्रेय कोणाचे, हाही वाद या अंकाने मागे ठेवला. ली यांनी प्रथम हे काम कर्बी यांना दिले होते. कर्बी यांनी पाच पाने काढली. डिटकोने पुढे लिहिल्याप्रमाणे, त्या पानांतील मुलगा जादूच्या अंगठीने मोठा वीर होत असे, आणि ही कल्पना दुसऱ्या एका प्रकाशनातील 'द फ्लाय' या नायकाशी फार जुळते हे त्यानेच ली यांच्या ध्यानात आणून दिले. ती पाने बाजूला पडली आणि कथा डिटकोकडे आली. पोशाख त्याचा, मनगटावरील यंत्र त्याचे आणि सबंध चेहरा झाकणारा मुखवटाही त्याचाच. पोरसवदा चेहरा दिसू नये म्हणून तो झाकला, असे कारण त्याने दिले आहे. त्या काळच्या बहुतेक वीरांची हनुवटी तरी उघडी असे. डिटकोने ती झाकली आणि नकळत एक मोठी गोष्ट साधली: मुखवट्याआड कोणत्या देशाचा, कोणत्या वर्णाचा मुलगा आहे हे कळेनासे झाले.

ली सांगत राहिले, डिटको गप्प राहिला. 1966 मध्ये त्याने ते मासिक सोडले आणि पुढे मुलाखती देणेही बंद केले. जे म्हणायचे ते क्वचित लेख लिहून म्हटले. जगाने ली यांची हकीकत ऐकली यात नवल नाही. दोघेही 2018 साली, काही महिन्यांच्या अंतराने वारले.

2008 मध्ये या अंकासाठी डिटकोने काढलेली चोवीसही मूळ पाने एका दात्याने आपले नाव गुप्त ठेवून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला अर्पण केली. 2021 मध्ये या अंकाची एक उत्तम स्थितीतील प्रत लिलावात 36 लाख डॉलरना विकली गेली. 12 सेंटांचे 36 लाख डॉलर! असे आकडे वाचून आमच्यातील काहींनी घरचे माळे धुंडाळले, परंतु आमच्या माळ्यांवर जुन्या दिवाळी अंकांखेरीज काही निघाले नाही. प्रत दुर्मीळ झाली याचे कारणही मौजेचे आहे. मुलांनी ते अंक वाचले, दुमडले, मित्रांना दिले आणि शेवटी आयांनी ते रद्दीत घातले. सर्वांनी जपून ठेवले असते, तर आज त्याला एवढे मोल कोण देता?

डिटकोच्या मुखवट्याचा आपल्याकडे झालेला उपयोगही सांगण्याजोगा आहे. 2004 मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी 'स्पायडरमॅन : इंडिया' ही चार अंकांची मालिका काढली. तिचा नायक पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईस शिकायला आलेला मुलगा. भीम काका आणि माया काकू त्याचा सांभाळ करतात. शाळेतील शहरी मुले त्याची थट्टा करतात, आणि वीराच्या पोशाखात तो धोतर नेसतो. त्याला शक्ती मिळते ती एका योग्याकडून. 1962 मध्ये अणूची धास्ती होती म्हणून तेव्हाचा कोळी किरणोत्सर्गी होता. 2002 च्या अमेरिकन चित्रपटात तो जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आला. मुंबईत त्याची जागा योग्याने घेतली. शक्तीचा उगम असा काळ आणि ठिकाण पाहून बदलत गेला, पण काकांच्या मृत्यूचा भाग कोणास बदलता आला नाही. पवित्रसुद्धा मदतीची एक हाक ऐकून न ऐकल्यासारखी करतो, आणि त्याच हाकेला धावून गेलेले भीम काका प्राणास मुकतात.

राहता राहिले ते पंधराव्या अंकातील वचन. 1962 च्या त्या उन्हाळ्यात कित्येक मुलांनी पुढच्या महिन्यात दुकानी जाऊन सोळावा अंक मागितला असेल, आणि दुकानदाराने मान हलवली असेल. मासिक बंद झाल्याचे त्यांना कोणी कळवले नव्हते, कारण कळवायला पुढचा अंकच नव्हता. तो सोळावा अंक अखेर निघाला, डिसेंबर 1995 ची तारीख घालून. लेखक कर्ट ब्यूसिक आणि चित्रकार पॉल ली यांनी सोळा, सतरा आणि अठरा असे तीन अंक काढले, आणि काकांच्या मृत्यूनंतर स्वतंत्र मासिक सुरू होईपर्यंत पीटरचे काय झाले ते त्यांत सांगितले. जून 1962 मध्ये ज्याने बारा वर्षांचा असताना पंधरावा अंक विकत घेतला होता, त्याचे वय तोवर पंचेचाळीस झाले होते.